माळ्यावरचं : कात्री लागलेला बलुची

मागच्या वेळी तांब्याच्या बंबावर लिहिलं, तेव्हा तुमच्यापैकी दोघातिघांनी बंब म्हणजे काय असं विचारलं होतं. या वेळी तसं होणार नाही, गालिचा सगळ्यांना माहीत असतो. पण आमच्या महूच्या घरातला हा गालिचा मला इतकी वर्षं मुळीच माहीत नव्हता. त्यापायी माझ्या हातून जे झालं ते आधीच सांगून टाकते. मी त्याला कात्री लावली.

गोष्ट १९८६ ची. लग्न होऊन या घरात आले त्याला दोन वर्षं झाली होती. दिवाळीची साफसफाई चालली होती आणि माळ्यावरून एक गुंडाळी खाली आली. उलगडली तर साधारण तीन फूट रुंद आणि साडेचार फूट लांब असा छोटा गालिचा. काळपट लाल, गडद निळा, मध्ये उंटाच्या रंगाची जमीन. दोन्ही टोकांना चार-चार बोटं रुंद, लव नसलेली, रंगीत रेघांची विणलेली पट्टी होती आणि तिचे दोरे लोंबत होते. लांबीच्या कडांना काळ्या राठ केसांची जाड किनार, तीही जागोजागी उसवलेली. मला सगळा प्रकार गबाळा वाटला. आजेसासूबाई, म्हणजे आमच्या माई, दुपारच्या झोपल्या होत्या. मी दोन्ही टोकांच्या पट्ट्या कापल्या, काळी किनार सोलून काढली आणि मशीनवर चारी बाजूंनी तपकिरी फीत मारली. तीन सुया मोडल्या, पण काम पुरं केलं. माई उठल्या, त्यांनी बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, त्याचे हातपाय काढलेस की."

मला वाटलं, चेष्टा करताहेत.

हा गालिचा घरात आला तो १९४७ मध्ये. महू हे छावणीचं गाव. मंदसौरचा तह झाला १८१८ च्या जानेवारीत आणि त्याच वर्षी माल्कम साहेबाने इथे छावणी वसवली. छावणीत बदली झाली की साहेब लोक सामान विकून जात, आणि १९४७ साली तर सगळेच निघाले होते. खुर्च्या, टेबलं, चिनी मातीची भांडी, काय हवं ते मिळत होतं. आमच्या आबांनी अशाच एका बंगल्यावरून एक कपाट घेतलं आणि त्याच्यासोबत हा गालिचा. तेव्हाही तो वापरून झिजलेलाच होता, असं माई सांगत. घरात त्याला नाव पडलं 'बलुची', कारण विकणाऱ्याने तसं सांगितलं होतं.

आता हे सगळं पुन्हा उकरून काढायचं कारण म्हणजे टोरांटोची माझी पुतणी. गेल्या वर्षी फोनवर म्हणाली, "काकू, तो बलुची मला देशील? इथे लोक असे गालिचे भिंतीवर लावतात." मी म्हटलं, खुशाल ने, इथे माळ्यावर पडून तरी काय करतोय. पण तिनेच मग चौकशी केली आणि आम्हा दोघींना एक नवीन गोष्ट कळली. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू तुमच्या घरची असली, तुमच्या आजोबांनी पैसे मोजून घेतलेली असली, तरी तुम्ही ती देशाबाहेर नेऊ शकत नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला घ्यावा लागतो. परदेशात राहणाऱ्या मुलांनो, आजीचं काहीबाही बॅगेत घालण्यापूर्वी हे लक्षात ठेवा.

म्हणजे प्रश्न एकच उरला, हा शंभरीच्या आतला की बाहेरचा? त्यासाठी मी हा गालिचा पहिल्यांदा नीट पाहिला. एक भिंग, एक फूटपट्टी आणि पुतणीने पाठवलेले ढीगभर फोटो घेऊन पावसाळाभर त्याच्याशी खेळत बसले.

आधी नावाचा घोळ. बलुची म्हटलं की आपल्या लोकांना लगेच पानिपत आठवतं. डेरा बुगटी भागात स्वतःला पानिपतच्या मराठा युद्धकैद्यांचे वंशज मानणारे लोक आहेत हे खरं, पण त्यांचा धागा या गालिच्याला जोडू नका. जगात 'बलुची' म्हणून ओळखले जाणारे हे गालिचे बहुतेक करून बलुचिस्तानात विणलेलेच नाहीत. ते विणले उत्तरेकडे, इराणच्या खुरासान प्रांतात आणि त्याला लागून असलेल्या अफगाणिस्तानातल्या हेरात, सिस्तान भागात. तिथे बलुच टोळ्या मेंढ्या घेऊन फिरत असत. तैमूरी, बहलूली अशा त्यांच्या शेजारच्या टोळ्याही याच पद्धतीने विणत आणि बाजारात सगळ्यांच्या मालाला एकच नाव मिळे. मशहदच्या आणि हेरातच्या बाजारातून हे गालिचे बाहेर पडत आणि सरहद्दीवर नोकरी केलेल्या साहेबांच्या सामानातून कुठे कुठे जाऊन पोचत. त्यातला एक महूला पोचला, यात नवल असं काही नाही.

विणणाऱ्या बायका. मेंढ्या पुरुषांनी चारायच्या, पण लोकर पिंजणं, चातीवर सूत काढणं, रंगवणं आणि विणणं हे बायकांचं. माग म्हणजे जमिनीत ठोकलेल्या चार खुंट्या आणि त्यांना बांधलेले दोन दांडे. त्यावर ताणे ताणायचे आणि मांडी घालून जमिनीवरच विणायला बसायचं. तळ हलवायचा झाला की खुंट्या उपटायच्या, अर्धं विणलेलं गुंडाळायचं, उंटावर टाकायचं, नव्या जागी पुन्हा ठोकायच्या. प्रत्येक वेळी ताण थोडा बदलतो. आमचा गालिचा मोजला तर खालच्या टोकाला ३६ इंच भरतो आणि वरच्या टोकाला ३४ पूर्णांक ३ चतुर्थांश. मी याला इतके दिवस 'वेडावाकडा' म्हणत होते.

खालचं टोक कुठलं आणि वरचं कुठलं हे कसं कळतं? गालिच्यावरून हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत लागेल, उलट फिरवला तर खरखरीत. लव ज्या टोकाकडे झुकते तिथून विणकाम सुरू झालेलं असतं.

आता गाठ. गालिच्याची लव म्हणजे छोट्या छोट्या गाठींची टोकं. उभ्या दोन ताण्यांवर लोकरीचा तुकडा अडकवायचा, एकाला पूर्ण वेढा आणि शेजारच्याच्या फक्त मागून, मग खाली ओढून कापायचा. याला इराणी गाठ म्हणतात आणि बलुची गालिचे बहुधा याच गाठीचे. एक ओळ झाली की दोन बाणे घालायचे, पंजाने ठोकून बसवायचे, पुढची ओळ. गालिचा उलटा करून फूटपट्टी ठेवली, तर आमच्यात एका इंचात आडव्या ८ आणि उभ्या ९ गाठी. म्हणजे चौरस इंचाला ७२. सगळा गालिचा धरला तर एक लाख चाळीस हजारांच्या आसपास. काशानच्या रेशमी गालिच्यापुढे हे अगदी जाडंभरडं काम. पण दिवसाला चार हजार गाठी धरल्या तरी नुसत्या गाठींचे पस्तीस दिवस होतात, आणि त्या बाईला स्वयंपाक, पाणी, मुलं, जनावरं हेही सगळं होतंच.

कात्री मी चालवली होती ती एका दुपारी, अर्ध्या तासात.

ताणा काय आहे तेही बघावं. शहरी गालिच्यांत तो सुती असतो, बलुचींच्या जुन्या गालिच्यांत सगळं लोकरीचं. एक सुटलेला दोरा चिमट्यात धरून पेटवला तर केस जळाल्यासारखा वास आला. सूत असतं तर कागदासारखा आला असता. आपल्या घोंगडीची आठवण झाली. मेंढपाळांच्या दोन जमाती, हजारो मैलांवर, आणि दोघांनी आपापल्या मेंढीच्या लोकरीतून अंथरूण-पांघरूण काढलं. घोंगडी विणताना सणगर ताण्याला चिंचोक्याची खळ देतात आणि काळ्या मेंढीचा काळा तसाच ठेवतात, रंगाच्या फंदात पडत नाहीत. इंदूरचं राज्य ज्या मल्हाररावांनी उभं केलं ते होळकर घराणं धनगरांचं, तेव्हा आपल्याला हे नवीन नसावं. बलुच बायकांनी मात्र रंगाचा भारी नाद केला.

लाल रंग मंजिष्ठाच्या जातीच्या झाडाच्या मुळांतून, तुरटीवर चढवलेला. निळा नीळीतून. पिवळा हवा तर डाळिंबाची साल किंवा रानातली फुलं, तपकिरीला अक्रोडाची साल. लोकर थोडी थोडी रंगवायची, त्यामुळे दुसऱ्या घाणीचा लाल पहिल्यासारखा येत नाही आणि गालिच्यात आडवे फिकट-गडद पट्टे उमटतात. जाणकार त्याला अब्रश म्हणतात. आमच्या निळ्यात असे तीन पट्टे आहेत. मी त्यांना डाग समजून एकदा रिठ्याने घासलं होतं, तेही कबूल करते.

पण मला सगळ्यात गंमत वाटली ती काळ्या रंगाची. नक्षीच्या बाहेरच्या रेघा काळपट तपकिरी आहेत आणि तिथली लव जवळजवळ निघून गेली आहे, लाल आणि निळं मात्र उभं आहे. बोट फिरवलं तर नक्षी उठावाची लागते. मला वाटे कसर लागली. तर तो काळा लोखंडाचा. लोहाच्या क्षाराने रंग काळा होतो, पण तोच क्षार वर्षानुवर्षं लोकर खात राहतो. आपल्याकडे धार जिल्ह्यातल्या बाघला गेला असाल तर तिथल्या छपाईत हेच दोन सोबती दिसतील, लालला तुरटी आणि काळ्याला लोह. बाघचे जुने कापडही काळ्या रेघेवर आधी विरतं. ही झीज घाईने होत नाही, नव्या गालिच्यात ती अशी दिसायची नाही.

आणि एक नारिंगी. कोपऱ्यातल्या चार फुलांत तेवढा एक रंग आहे, वरून बघितला तर फिका, विटलेला. लव बोटांनी उघडून मुळाशी पाहिलं तर भडक, कच्चा नारिंगी. हा मुळा-सालींचा रंग नव्हे, कारखान्याचा. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने लंडनमध्ये १८५६ साली पहिला कृत्रिम रंग काढला आणि पुढच्या काही दशकांत हे स्वस्त रंग पुड्यांतून खुरासानच्या बाजारांपर्यंत गेले. म्हणजे बाकी सगळे रंग जुन्या रीतीचे, फक्त चिमूटभर नारिंगी नवा आणि महागाचा म्हणून चार फुलांपुरता वापरलेला. यावरून मी याचा काळ १९०० च्या अलीकडे-पलीकडे धरते. आपल्या गावच्या हिशेबाने सांगायचं तर, बाबासाहेब १८९१ मध्ये इथे महूला जन्मले, साधारण त्याच पिढीतला हा गालिचा. आणि १९४७ मध्ये आबांनी घेतला तेव्हा झिजलेला होताच.

पुतणीला फोन केला. म्हटलं, "बाई गं, हा शंभरीच्या पलीकडचा दिसतोय." ती म्हणाली, "काकू, तू अजून थोडं शोध ना, काहीतरी नवीन सापडेल."

आता नक्षी. उंटाच्या रंगाच्या जमिनीवर मधोमध एक झाड आहे, सरळ खोड आणि दोन्ही बाजूंना कोनाकोनांची पानं. वरच्या टोकाला ही जमीन अरुंद होऊन एक चौकोनी डोकं निघतं आणि त्याच्या दोन बाजूंना दोन चौकोनी घरं उरतात. कमान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोल किंवा टोकदार आकार येतो, म्हणून ही कमान आहे हे मला कळलंच नव्हतं. आडव्या-उभ्या गाठींच्या चौकटीत काटकोन सोपा, आणि बलुच बायकांनी तो सोपेपणा झाकायचा प्रयत्न केलेला नाही. हा मेहराब. म्हणजे हा जानमाज आहे, नमाजाचा गालिचा. सजदा करताना कपाळ त्या चौकोनी डोक्यात टेकतं आणि दोन हात बाजूच्या दोन घरांत येतात. काही गालिच्यांत त्या घरांत चक्क पाच बोटांचे पंजे विणलेले असतात. आमच्यात फुलं आहेत, तीच ती नारिंगी.

समोर ठेवायला नकाशा नसे. काश्मीरच्या कारखान्यात तालीम असते, म्हणजे कुठल्या रंगाच्या किती गाठी ते लिहिलेला कागद, आणि विणकर ती वाचत विणतात. इथे सगळं डोक्यात, आईकडून आलेलं. त्यामुळे खालून वर जाताना हिशेब चुकू शकतो. आमच्या झाडाची वरची पानं दाटीवाटीने बसवली आहेत आणि वरची किनार खालच्यापेक्षा अर्धी आहे. ताणा संपत आला असणार. दुकानदार यावर एक गोष्ट सांगतात की परिपूर्ण फक्त ईश्वर, म्हणून विणकर मुद्दाम एक चूक ठेवतात. मला ही गोष्ट पटत नाही. पोळ्या लाटताना शेवटच्या गोळ्याला पीठ कमी पडलं की जे होतं तेच इथे झालंय, आणि तिने ते निभावून नेलंय.

नमाजाला गालिचा लागतोच असं नाही, जागा स्वच्छ हवी. फिरत्या माणसाला रोज नवी जमीन, म्हणून आपली स्वच्छ जागा गुंडाळून बरोबर न्यायची. हे वाचलं तेव्हा मला माईंची धाबळी आठवली. सोवळ्यात लोकर चालते, म्हणून त्या थंडीत धाबळी नेसत. आणि श्रावणात पोथी वाचायला त्या याच बलुचीवर बसत, पूर्वेकडे तोंड करून, कमानीचं टोक पुढे. महूहून मक्का पश्चिमेला, म्हणजे दिशा बरोबर उलट! पण त्या चौकोनी डोक्यावर त्यांनी कधी पाय दिला नाही. "तिथे काहीतरी देवाचं आहे," म्हणायच्या. त्यांना कुणी सांगितलं होतं, की झिजेवरून ओळखलं, मी विचारलं नाही.

कापलेल्या पट्ट्यांचं काय ते आता कळलं. बलुची गालिचा ओळखायच्या खुणा नक्षीत जितक्या, तितक्याच कडांत असतात. काळी किनार शेळीच्या केसांची, कारण ते लोकरीपेक्षा चिवट. तीन-चार दोऱ्यांवर वेढे घालून ती विणतात, आणि किती दोऱ्यांवर, कशी, हे टोळीटोळीत वेगळं. टोकाच्या लव नसलेल्या पट्टीत बायका मनासारखे रंग आणि बारीक वेलबुट्टी घालत. घरच्या वापराच्या गालिच्यात ही पट्टी लांब असे, बाजारच्या मालात साधारणपणे आखूड होत गेली. सगळ्यात आधी झिजतं तेही हेच, म्हणून जुन्या गालिच्याला पूर्ण टोकं असणं दुर्मीळ. आमच्याला होती. १९८६ च्या दिवाळीपर्यंत.

छावणीतल्या मुलांसाठी एक जाता जाता. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या, त्यानंतर याच बलुच आणि शेजारच्या विणकरांच्या गालिच्यांत फुलांच्या जागी रणगाडे, हेलिकॉप्टरं आणि बंदुका येऊ लागल्या. किनार तीच, गाठ तीच. फोटो शोधून बघा, रणगाडा लांबून अगदी फुलासारखा दिसतो.

सांभाळायचं म्हणाल तर फार काही नाही. घडी घालू नका, गुंडाळा, लव ज्या दिशेला झुकते तिच्या बाजूने. वर्षातून दोनदा उलगडून दोन्ही बाजूंनी हवा द्या, कडक उन्हात तासन् तास नको. कडुनिंबाचा पाला घाला, पण नेमाने उघडून बघणं हाच कसरीवर खरा उपाय. वॉशिंग मशीन, ब्लीच, गरम पाणी यांच्या जवळ नेऊ नका. आणि उसवलेलं दिसलं तर कात्री आधी कुलपात ठेवा.

डिसेंबरात पुतणी आली. गालिचा नेता येणार नाही हे तिने मान्य केलं होतं, पण तोंड थोडं उतरलेलंच होतं. मी माईंचा शिवणाचा बिस्किटांचा डबा काढला, तपकिरी दोरा आहे का बघायला. तळाशी वर्तमानपत्रात बांधलेली एक पुरचुंडी होती. वर माईंच्या मोडीवळणाच्या अक्षरात 'बलुचीचे' असं लिहिलेलं. आत दोन्ही पट्ट्या. लाल, निळ्या, पांढऱ्या रेघा, एका पट्टीत बारीक पांढऱ्या टिंबांची ओळ. काळी किनार नव्हती, ती मी बहुधा त्याच दिवशी केरात टाकली असणार. माईंना जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्या डब्याबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

आम्ही दोघी गच्चीवर बसलो. आधी माझी मशीनची शिलाई उसवली, त्यातच एक दुपार गेली. फीत निघाली तेव्हा खाली लोकर अजून मूळ रंगाची, उजळ. मग वाकड्या सुईने, लोकरीच्या दोऱ्याने, वरची पट्टी एकेक टाका घालत जागेवर बसवली. पुतणीचा हात माझ्यापेक्षा बारीक चालतो. बारीक टिंबांची ओळ कुठल्या टोकाची यावर आमचं जुंपलं, शेवटी कापलेल्या ताण्यांची टोकं भिंगाखाली जुळवून बघितली, तेव्हा तिचंच बरोबर निघालं.

खालची पट्टी अजून डब्यात आहे. तिची रजा संपली. जाताना म्हणाली, "काकू, एकटी बसून लावू नकोस हं."